जुन्या बॅटऱ्यांची समांतर जोडणी : तपासणी व समतोल

बीड जिल्ह्यात गावापासून दूर असलेल्या शेतवस्त्यांवर सौरपट्टीवर भरणारी बॅटरी हे आता ओळखीचे साधन झाले आहे. सौर कृषिपंप बहुधा बॅटरीवाचून थेट चालतात. परंतु घरातील दिवे, मोबाइल आणि रानडुकरांपासून पीक राखणारे झटका यंत्र यांना रात्री बॅटरीचाच आधार असतो. नवी बॅटरी महाग पडते. म्हणून ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणून ती घरातील बॅटरीला जोडली जाते. हेतू चांगला असला तरी तपासणीवाचून केलेली अशी जोडणी बहुधा उलट फळ देते. दुबळी बॅटरी सुधारत नाही. चांगली मात्र तिच्या संगतीने खराब होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

समांतर जोडणीत काय घडते

धन टोकास धन व ऋण टोकास ऋण टोक जोडणे म्हणजे समांतर जोडणी होय. तीत व्होल्ट तेच राहतात, साठा मात्र वाढतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात व पूर्ण भरलेल्या प्रत्येक सेलचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. एक बॅटरी १२.७ व्होल्टवर आणि दुसरी १२.० व्होल्टवर असताना ती एकत्र जोडली, तर ०.७ व्होल्टचा फरक उरतो. तारांचा व बॅटऱ्यांचा मिळून रोध ०.०३ ओहम धरला, तर आरंभी सुमारे २३ अँपिअर प्रवाह एकीतून दुसरीत धावेल.

एखादी सेल आतून जुळून निकामी झाली असेल तर संकट अधिक गंभीर होते. त्या बॅटरीत पाचच सेल कार्य करतात. शेजारची सहा सेलची बॅटरी त्या पाचांवर प्रत्येकी सुमारे अडीच व्होल्टचा दाब टाकते. परिणामी दुबळी बॅटरी तापते, तिच्यातून वायू सुटतो आणि चांगली बॅटरी रात्रंदिवस रिती होत राहते.

जोडलेल्या स्थितीत मीटर लावला, तर सर्व बॅटऱ्यांवर जवळजवळ एकच आकडा दिसतो. दोष कोणत्या बॅटरीत आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक बॅटरी सोडवून स्वतंत्रपणे तपासणे हाच या कामाचा मूलमंत्र होय.

पूर्वतयारी

१. काम मोकळ्या हवेत करावे. भरणीच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी, चूल किंवा दिवा नसावा.

२. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे घालावेत. अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात. पाण्याची भरलेली बादली व खाण्याचा सोडा जवळ असावा. डोळ्यांत आम्ल गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व तत्काळ दवाखान्यात जावे.

३. प्रथम सौरपट्टी व दिवे बंद करावेत. नंतर ऋण टोक व शेवटी धन टोक सोडवावे.

४. फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी बॅटरी तेथेच बाद समजावी.

५. आतील पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतपतच बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे. खुणेपर्यंतचे उरलेले पाणी भरणीनंतर घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये.

चार कसोट्या

पहिली, दाबाची. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र चार्जरवर पूर्ण भरावी व २४ तास तशीच राहू द्यावी. भरणीनंतर लगेच दिसणारा आकडा फसवा असतो. विसाव्यानंतर १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, सुमारे १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ किंवा त्याखाली म्हणजे रिती समजावी. पूर्ण भरणी करूनही १०.५ च्या आसपास राहणाऱ्या बॅटरीत एक सेल मेलेली असते.

दुसरी, विशिष्ट गुरुत्वाची. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही सेलमधील आम्ल मोजावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत प्रकारानुसार १.२४ ते १.२८ असे गुरुत्व मिळते. बीडच्या उन्हाळ्यात आम्ल तापते व गुरुत्व कमी दिसते. म्हणून २७ अंश सेल्सिअसवरील प्रत्येक १० अंशांस ०.००७ मिळवावे. पूर्ण भरणीनंतरही दोन सेलमध्ये ०.०५ चा फरक राहिल्यास ती बॅटरी जोडणीस अयोग्य मानावी.

तिसरी, साठ्याची. मोटारीचा १२ व्होल्ट, ६० वॉटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. तो १०० अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीवर लावावा व दाब १०.५ व्होल्टवर येताच काढावा. गेलेल्या तासांस ५ ने गुणले की खरा साठा कळतो. बल्ब १२ तास चालला, तर साठा ६० अँपिअर-तास उरला आहे. छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी उतारास लागली, असे मानण्याचा प्रघात आहे. निम्म्याखाली असलेली जोडणीत घेऊच नये. कसोटी संपताच बॅटरी पुन्हा भरावी.

चौथी, टिकण्याची. भरलेल्या बॅटऱ्या काही न जोडता आठवडाभर ठेवाव्यात. जिचा दाब इतरांच्या मानाने झपाट्याने उतरतो, तिच्या आत गळती आहे असे समजावे.

समतोल भरणी

कसोटीस उतरलेल्या पाण्याच्या बॅटऱ्यांना एकदा समतोल भरणी द्यावी. प्रत्येक बॅटरी एकटी ठेवून, कोणतेही उपकरण न जोडता, सुमारे १५ व्होल्टपर्यंत मंद प्रवाहाने भरावी. दर तासाला गुरुत्व मोजावे. सलग तीन वेळा ते वाढले नाही की भरणी थांबवावी. बॅटरी हाताला फार गरम लागल्यास मध्येच विसावा द्यावा. बंदिस्त बॅटरीस ही भरणी देऊ नये. योग्य चार्जर नसल्यास हे काम बॅटरीच्या दुकानातून करून घ्यावे.

प्रत्यक्ष जोडणी

एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या व शक्यतो एकाच वयाच्या बॅटऱ्या निवडाव्यात. पाण्याची व बंदिस्त यांची जोडी करू नये. जोडण्यापूर्वी त्यांच्या दाबांत ०.१ व्होल्टहून अधिक फरक नसावा. तारा सारख्या लांबीच्या व जाडीच्या घ्याव्यात. बाहेर जाणारी धन तार पहिल्या बॅटरीवरून व ऋण तार शेवटच्या बॅटरीवरून काढावी. त्यामुळे भार बहुतांशी सारखा वाटला जातो. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाशी स्वतंत्र फ्यूज अवश्य असावा. दर तीन महिन्यांनी बॅटऱ्या सोडवून पहिल्या दोन कसोट्या पुन्हा घ्याव्यात.

ऊसतोडीच्या हंगामातील काळजी

दसऱ्यानंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात व घरे महिनोन्‌महिने बंद राहतात. रिती पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात व साठा कायमचा घटतो. म्हणून जाण्यापूर्वी बॅटऱ्या पूर्ण भरून, एकमेकींपासून सोडवून, थंड जागी ठेवाव्यात. महिन्यातून एकदा त्या भरण्याचे काम घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे किंवा शेजाऱ्यांकडे सोपवावे.

बाद झालेली बॅटरी घरी फोडू नये, तिचे आम्ल शेतात किंवा ओढ्यात ओतू नये. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून विशेष अपाय होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे द्यावी व तिचे मोल नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून घ्यावे.