दुकान खाली, घर वर : वायफाय प्रत्येक मजल्यावर कसे पोहोचवावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांचे घर आणि धंदा एकाच छताखाली असतात. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत खाली यंत्रमाग व वर राहते घर असते. इतरत्र खाली दुकान, मधल्या मजल्यावर संसार आणि गच्चीवरच्या खोलीत शिलाई किंवा जरीकाम चालते. आता ग्राहकाचा पैसा मोबाईलवर येतो, मालाचे फोटो मोबाईलवरून जातात, जीएसटीची बिले संगणकावर बनतात आणि मुलांचा अभ्यासही त्याच जोडणीवर होतो. परंतु दुकानात नेट चालते आणि वरच्या खोलीत चालत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. मग लोक अधिक वेगाचा महाग प्लॅन घेतात. दरमहा पैसा जातो, अडचण तशीच राहते. कारण वेग दारापर्यंत आलेला असतो, तो घरात फिरवलेला नसतो. तो कसा फिरवावा, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

लहरी कोठे अडतात?

घरातील वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते : 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. भारतात पहिला पट्टा 2005 साली आणि दुसऱ्याचा मोठा भाग 2018 साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला. 2.4 च्या लहरी दूर जातात, पण त्यात शेजाऱ्यांची गर्दी फार. 5 चा वेग जास्त, पण भिंतीत तो लवकर विरतो. सळयांचा काँक्रीट स्लॅब, लोखंडी शटर, पत्र्याचे कपाट, पाण्याची टाकी आणि मोठा आरसा यांत दोन्ही अडतात.

दुकानदार चार-सहा अँटेनांचा राउटर दाखवून "तिन्ही मजले चालतील" असे सांगतो. पण संवाद दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. राउटरचा आवाज मोबाईलपर्यंत पोहोचला, तरी छोट्या मोबाईलचा क्षीण आवाज दोन स्लॅब ओलांडून परत यायला हवा. तो येत नाही. म्हणून मोठ्या यंत्रापेक्षा जवळचे यंत्र बरे. प्रत्येक मजल्यावर एक छोटे केंद्र असावे, यालाच ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

रिपीटर की तार?

प्लगमध्ये खोचायचा रिपीटर स्वस्त मिळतो. साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो, त्याच लहरीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जेथे मूळ लहर कमजोर आहे, तेथेच लोक तो लावतात. मुळात कमजोर आलेली लहर पुढे दमदार होणार नाही.

आमचा सल्ला स्पष्ट आहे : मजल्या-मजल्यांत तार न्या आणि खोलीत लहर सोडा. कॅट-5ई किंवा कॅट-6 तार 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिट वेग नेते, आणि एवढे अंतर घरात सहसा नसते. घेताना तार शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण कमजोर निघते. टोकाला कनेक्टर बसवताना आठही धागे जोडून घ्या. काही कारागीर चारच जोडतात आणि मग जोडणी 100 मेगाबिटवरच अडकते. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून ही तार नेऊ नका. समोरच्या गोदामात रस्ता ओलांडून जायचे असेल, तर तांब्याऐवजी फायबर टाका, म्हणजे पावसाळ्यात विजेचा झटका तारेवाटे यंत्रांपर्यंत येणार नाही.

घर बांधत असाल, तर स्लॅब पडण्यापूर्वीच प्रत्येक मजल्यासाठी एक रिकामा पाइप सोडून ठेवा. नंतरच्या तोडफोडीपेक्षा तो खर्च अगदी किरकोळ आहे.

जुना राउटर फेकू नका

अनेक घरांत जुना राउटर पडून असतो. तोच वरच्या मजल्याचे केंद्र होऊ शकतो. त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो सुरू करा. नसेल तर तीन कामे करा. एक, त्याचा पत्ता बदला : मुख्य राउटर 192.168.1.1 असेल, तर याला 192.168.1.2 द्या. दोन, त्यातील डीएचसीपी बंद करा. घरातील प्रत्येक मोबाईलला पत्ता वाटण्याचे काम एकट्या मुख्य राउटरने करायचे असते. दोघे वाटू लागले की गोंधळ होतो, आणि खालचा प्रिंटर वरच्या संगणकाला सापडत नाही. तीन, खालून आलेली तार त्याच्या 'वॅन' छिद्रात न लावता 'लॅन' छिद्रात लावा.

सर्व केंद्रांवर वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा, म्हणजे जिन्याने वर जाताना मोबाईल आपोआप जवळचे केंद्र धरू शकेल. मात्र चॅनल वेगवेगळे हवेत. 2.4 च्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. तळमजल्याला 1, पहिल्याला 6, गच्चीला 11 अशी वाटणी करा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. दोन केंद्रे एकाच चॅनलवर असली, तर एक बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावे लागते. कोणते केंद्र धरायचे हे मोबाईल स्वतः ठरवतो, आणि कधी कधी तो खालच्या केंद्रालाच चिकटून राहतो. तेव्हा खालच्या केंद्राची शक्ती थोडी कमी करावी.

ग्राहकाला वेगळी वाट

दुकानाचा हिशेब, कॅमेरे आणि घरातील फोन ज्या जोडणीवर आहेत, तिचा पासवर्ड ग्राहकाला देऊ नये. मुख्य राउटरवर 'गेस्ट' नावाची वेगळी जोडणी सुरू करा. यंत्रासोबत आलेला ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेत डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 निवडा. नोकर काम सोडून गेला की वायफायचा पासवर्ड बदलण्याची सवय ठेवा.

तपासूनच पैसे द्या

काम झाल्यावर कारागिराला लगेच निरोप देऊ नका. अँड्रॉइड मोबाईलवर वायफायची ताकद मोजणारे ॲप मोफत मिळते. प्रत्येक खोलीत, दारे लावून, शटर पाडून ती पाहा. आकडा उणे 67 किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर उत्तम. उणे 75 च्या पलीकडे गेला, तर केंद्राची जागा बदला. मुख्य राउटर, फायबरची पेटी आणि वरची केंद्रे यांना छोटा यूपीएस दिला, तर भारनियमनातही ग्राहकाचा पैसा अडणार नाही.

हाती रक्कम मर्यादित असेल, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी चांगली तार, मग यूपीएस, त्यानंतर नवे यंत्र, आणि सर्वांत शेवटी मोठा प्लॅन. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होते. नीट टाकलेली तार मात्र त्यानंतर येणाऱ्या यंत्रालाही उपयोगी पडते.