रुग्णाची गोष्ट रुग्णाचीच : कर्मचाऱ्यांच्या आचारसंहितेतील एक नियम

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांचा तपशील व देणगीदारांची नामावली यांना हक्काची जागा असते. कर्मचाऱ्यांनी कसे वागावे, याविषयीचे नियम मात्र बहुधा कार्यालयाच्या कपाटातच राहतात. त्यांपैकी एका नियमाचा परिचय आमच्या वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. तो नियम असा : रुग्णाविषयी कामाच्या ओघात जे कळते ते कामापुरतेच वापरावे, अन्यत्र बोलू नये, दाखवू नये, लिहू नये. नियम एका वाक्यात मावतो. परंतु तो पाळला जाणे वा मोडणे हे केवळ कर्मचाऱ्यांच्या हाती नसते. विश्वस्त, देणगीदार आणि नातेवाईक यांचाही त्यात वाटा असतो.

नियमाची परंपरा

हा नियम परदेशातून आलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरूने शिष्याला दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरात जे पाहिले, ऐकले, ते बाहेर सांगू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. ग्रीक परंपरेतील हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेतही हेच बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी ते डॉक्टरांवर घातले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा या जुन्या नीतिनियमास घटनेचे अधिष्ठान अधिक स्पष्टपणे लाभले.

नियम कोणाकोणाला लागू

वैद्यक परिषदेचे विनियम डॉक्टरांपुरते आहेत. परंतु रुग्णाचे नाव, वय व तक्रार सर्वप्रथम कळते ती केसपेपर काढणाऱ्या कारकुनास. रक्ताचा अहवाल प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ पाहतो, औषधे पाहून औषधविक्रेता आजार ओळखतो, आणि वॉर्डातील मावशी व मामा यांच्याजवळ तर रुग्ण मन मोकळे करतात. म्हणूनच ही अट प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नेमणूकपत्रात असावी लागते. ती सुरक्षारक्षकास व रुग्णवाहिकेच्या चालकासही लागू असावी, आणि नोकरी सोडल्यानंतरही तिचे बंधन कायम राहावे.

दैनंदिन कामात या नियमाचे रूप अगदी साधे असते. बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारावे, आजार पुकारू नये. लिफ्टमध्ये व उपाहारगृहात रुग्णांविषयी चर्चा करू नये. दूरध्वनीवर चौकशी करणाऱ्यास प्रकृतीचा तपशील सांगू नये. रुग्णाने नेमून दिलेल्या नातेवाइकासच तो सांगावा. वॉर्डात मोबाइलवर छायाचित्र काढू नये, आणि एक्स-रे वा अहवाल गमतीखातर व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवू नये. आपल्या शेजाऱ्याचा वा सोयऱ्याचा अहवाल, त्याच्या उपचारांशी आपला संबंध नसताना, संगणकावर उघडून पाहणे हाही नियमभंगच होय. मग तो पुढे कोणाला सांगितला असो वा नसो.

काही वेळा गुप्तता व सुरक्षितता यांत विरोध असल्याचा भास होतो. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या खाटेवर खूण लावली, तर कर्मचारी सावध राहतील, असे अनेकांस वाटते. वास्तविक, बाधा झालेल्या प्रत्येकाचे निदान झालेलेच असते असे नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानूनच हातमोजे वापरणे व सुया हाताळणे, ही शास्त्रीय पद्धत आहे. ती पाळली की खुणेची गरजच उरत नाही. उलट खूण असेल, तर खूण नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत गाफीलपणा येतो. २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या कायद्यानेही अशी माहिती उघड करण्यावर कडक बंधन घातले आहे.

निर्धन रुग्णाची प्रतिष्ठा

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णास उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका दाखवावी लागते. येथे आजाराबरोबर गरिबीही कागदावर येते. खिडकीपाशी रांग लागलेली असताना ‘फ्री केस आहे’ असे मोठ्याने म्हटल्याने कोणताही कायदा मोडल्यासारखे वाटत नाही. पण ऐकणाऱ्याची मान खाली जाते. ही कागदपत्रे बाजूला बसवून, हलक्या आवाजात तपासणे हा सौजन्याचा भाग नसून कर्तव्याचा भाग आहे.

याच संदर्भात आमच्या देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. आपल्या देणगीतून कोणावर उपचार झाले, त्यांचे छायाचित्र अहवालात छापावे, अशी अपेक्षा कधी कधी व्यक्त होते. तिच्यामागील सद्भाव आम्ही जाणतो. परंतु मोफत खाटेवरील रुग्णास ‘फोटो काढू का?’ असे विचारले, तर तो ‘नको’ म्हणू शकेल काय? नकार दिल्यास उपचार थांबतील, ही भीती त्याच्या मनात असतेच. अशा वेळचा होकार हा खरा होकार नव्हे. २००२ च्या विनियमांनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तान्त त्याच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. नाव गाळले, पण गाव, वय व आजार छापला, तरी लहान गावात माणूस ओळखला जातोच. म्हणून देणगीचा हिशेब आजारवार व खर्चवार द्यावा, चेहरे दाखवून देऊ नये, हे आम्हांस उचित वाटते.

नातेवाईक आणि रुग्ण

‘त्यांना काही सांगू नका, धसका घेतील,’ ही विनंती कर्करोगासारख्या आजारात हमखास होते. तीत माया असते. रुग्णाच्या आयुष्याविषयीचे कटू सत्य आघात होईल अशा ठिकाणी बोलू नये, असे चरकसंहितेतही म्हटले आहे. तथापि प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा आपल्या आजाराविषयी जाणून घेण्याचा हक्क पहिला आहे. किती व कसे सांगावे, हे डॉक्टरांनी रुग्णाचा कल पाहून ठरवावे. परिचारिका वा मावशी यांना खोटे बोलण्याच्या पेचात नातेवाइकांनी टाकू नये. तसेच अठरा वर्षांवरील स्त्रीच्या गर्भपातास कायद्याने तिचीच संमती लागते. पती वा पालक यांची नव्हे. तिचे नाव अनधिकृत व्यक्तीस सांगणे हा गर्भपातविषयक कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार शिक्षापात्र गुन्हा आहे.

अपवाद

गुप्तता पाळणे म्हणजे गुन्हा लपविणे नव्हे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती त्याच वर्षीच्या कायद्यानुसार पोलिसांस द्यावीच लागते. न्यायालयाचा आदेश झाल्यास कागदपत्रे सादर करावी लागतात. आणि रुग्णाने स्वतः अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. रुग्णाची माहिती रुग्णापासूनच लपविण्यासाठी या नियमाचा आधार घेता येत नाही.

लेखी नियम कशासाठी

नियम लेखी असण्याचे खरे प्रयोजन कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या रक्षणात आहे. एखादा विश्वस्त, प्रतिष्ठित देणगीदार वा पुढारी सहज विचारतो, ‘अमक्यांना काय झाले आहे हो?’ पंधरा दिवसांपूर्वी रुजू झालेल्या कारकुनास स्वतःच्या बळावर नकार देणे अवघड असते. ‘साहेब, आम्हांला सांगण्याची परवानगी नाही’ हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य त्याला लेखी नियमच देतो. मात्र नकार ऐकून घेणाऱ्याने त्याचा राग धरता कामा नये. अनवधानाने झालेली चूक समज देऊन सुधारावी, पैशासाठी वा आकसाने केलेला भंग कठोरपणे हाताळावा; पण दोन्ही प्रसंगी कर्मचाऱ्याची बाजू आधी ऐकावी.

आपली गोष्ट चार लोकांत होईल या भीतीने क्षयरोगी दवाखान्याची पायरी चढत नाही, किंवा किमान सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडतो. त्याची किंमत तो स्वतः मोजतोच, त्याच्या घरातील मुलेही मोजतात. विश्वास हेही एक औषध आहे, आणि ते उपचारांच्या आधी द्यावे लागते. आमच्या विश्वस्तांनी, देणगीदारांनी व रुग्णांच्या आप्तांनी पुढच्या भेटीत एखाद्या रुग्णाविषयी विचारले आणि आमच्या कर्मचाऱ्याने नम्रपणे नकार दिला, तर तो उद्धटपणा समजू नये. उद्या आपल्या घरातील कोणी त्या खाटेवर असेल, तेव्हा तो कर्मचारी इतरांनाही हेच उत्तर देईल, याची खात्री बाळगावी.