कोंड्यांतील सत्त्व

'भुकेस कोंडा, निजेस धोंडा' ह्या म्हणींत कोंडा हें हलकें अन्न मानिलें आहे. तुळिंज येथें घरोघर भात शिजतो. तोही शुभ्रच हवा असतो. परंतु विद्यार्थिमित्रहो, १८९० च्या दशकांत जावा बेटांत डच वैद्य आइकमान ह्यांस आढळलें कीं, निव्वळ पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्या पायांनीं लुळ्या पडत आणि कोंड्यासह तांदूळ मिळतांच बऱ्या होत. कोंड्यांतील 'ब१' जीवनसत्त्वाचा अभाव हेंच मनुष्यांतील बेरीबेरीचेंही मूळ ठरलें. १९२९ च्या नोबेल पारितोषिकांत आइकमानांस वांटा मिळाला.

यास्तव हातसडीचा तांदूळ घ्यावा, तो फार धुऊं नये व पेज ओतून देऊं नये. सोबत नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी व वसईचें केळें असावें. शुभ्रतेसाठीं सत्त्व दवडणें शहाणपणाचें नव्हे.