दुखणे कोणाच्या पापाचे?



संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, पाप कोणाचे? याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही नाकारतात. तरी हा प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पाठ असह्य दुखते. थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पिणे, यांनी दुखणे उचल खाते. मग ते ओसरते आणि माणूस धडधाकट दिसतो. म्हणून कोणी म्हणतो, "कामाचा कंटाळा आहे." कोणी म्हणतो, "करणी केली." आणि आपल्यातलाच कोणी म्हणतो, "क्रूस आहे, मुकाट्याने वाहा."

पहिल्या बोलण्याने रुग्ण दुखणे लपवू लागतो. दुसऱ्याने मांत्रिकाकडे दिवस आणि पैसा जातो. तिसऱ्याने औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे त्याला वाटू लागते. शरीराच्या दुखण्यावर आपण मनाचे दुखणे चढवतो.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवू या. दुखणे का झाले, याचे उत्तर रक्तात आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा एकट्या सुनेला दोष देणे खोटे आहे. दुखण्यासह कसे जगावे, हा दुसरा प्रश्न. श्रद्धेचे काम येथे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर पत्र लिहिले. प्रत्येक दुःख ही शिक्षा नसते, हे त्यांनी ईयोबाच्या उदाहरणाने सांगितले आणि पुढे दयाळू शोमरोन्याकडे बोट दाखवले. त्या शोमरोन्याने जखमीचे पाप विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या.

म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी करावी. रुग्णाने डॉक्टरांची औषधे सोडू नयेत. उन्हाळ्यात त्याच्या हाताशी पाणी असावे. रुग्णाभ्यंग संस्कार जरूर घ्यावा, पण औषधाऐवजी नव्हे.

कुटुंबात चर्चेसाठी:
१. आपल्या घरी कोणाचे दुखणे आपण खोटे ठरवले आहे का?
२. या आठवड्यात त्याचे कोणते काम आपण हलके करू?