शेळीच्या पोटातील आंबवण

गेल्या वर्षी आमच्या आळीत एक लग्न झाले. पंगती उठल्यावर उरलेला भात व पुऱ्या आम्ही मुलांनी शेजारच्या शेळीपुढे मोठ्या प्रेमाने ठेवल्या. तिने त्या आवडीने फस्त केल्या. दुसऱ्या दिवशी तिने चारा सोडला, ती रवंथ करीनाशी झाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. अन्न शिळे नव्हते, त्यात विषही नव्हते. मग शेळी मेली कशाने? या प्रश्नाचा शोध घेताना आम्हांस जे कळले, ते येथे देत आहोत.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. त्यांत कोटीपोट सर्वांत मोठे. गवतातील चिवट तंतू पचविणारा रस शेळीच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोटीपोटातील सूक्ष्म जीव करतात. तेथील एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींपर्यंत जीवाणू असू शकतात. हे जीव हवेवाचून, सुमारे 39 अंश सेल्सियस उष्णतेत चारा आंबवितात. त्यातून निघणारी आम्ले रक्तात शोषली जातात व शेळीला शक्ती देतात. वायू ढेकरांवाटे बाहेर पडतो. पुढे हे जीवही खऱ्या पोटात जाऊन पचतात आणि शेळीला प्रथिने मिळतात. म्हणजे आपण शेळीपुढे चारा टाकतो, तो प्रथम या अदृश्य पाहुण्यांच्या पानात पडतो !

इंदूरकरांस ही गोष्ट परकी वाटू नये. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात येथील संशोधनसंस्थेत पालापाचोळा व शेण कुजवून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी 1931 साली तीवर ग्रंथही प्रसिद्ध केला. ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. खताच्या ढिगाला हवा लागते, कोटीपोटातील जीवांना ती सोसत नाही. हा भेद मोठा खरा. परंतु दोन्हीकडे राबणारे सूक्ष्म जीवच, आणि दोन्हीकडे त्यांना नत्र हवे व आम्लता बेताची हवी. म्हणूनच हॉवर्डसाहेब ढिगात लाकडाची राख मिसळीत.

शेळीच्या खुराकात घालावयाच्या पूरक द्रव्यांचे मर्म हेच आहे. वाळल्या चाऱ्यात नत्र कमी असते. ते भरून काढण्यासाठी गुळाच्या मळीबरोबर अत्यल्प युरिया देतात. जीवाणू त्याचे प्रथिन करतात. मात्र प्रमाण चुकले, तर तोच युरिया प्राणघातक ठरतो. करडांना तर तो मुळीच देऊ नये, कारण त्यांचे कोटीपोट वाढलेले नसते. खाण्याचा सोडा आम्लता आवरतो. यीस्टच्या योगाने तंतू पचविणाऱ्या जीवाणूंस साह्य होऊ शकते.

आता त्या शेळीकडे वळू. भात व मैदा यांतील पिष्ट फार वेगाने आंबते. चाऱ्याची सवय असलेल्या पोटात ते एकदम गेले की लॅक्टिक आम्ल साचते. एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असणारा सामू 5 च्याही खाली उतरतो. तंतू पचविणारे जीवाणू मरतात, अंगातील पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात भिनते. चिमूटभर सोड्याने अशी शेळी वाचत नाही. तिला तात्काळ पशुवैद्याकडे नेले पाहिजे. इंदूरजवळ महू येथे पशुवैद्यक महाविद्यालय 1955 पासून आहे. पण त्या दिवशी आम्हांपैकी कोणालाच ते सुचले नाही.

नवा खुराक द्यावयाचा, तर तो थोडाथोडा, दोन-तीन आठवड्यांत वाढवीत न्यावा. पंगतीचे उरलेले अन्न शेळीपुढे ओतू नये. हे दोन नियम आम्ही शेळीच्या मालकिणीला, त्या आजींना, जाऊन सांगितले आणि आमची चूकही कबूल केली. त्यांनी आता नवी पाट आणली आहे. तिच्यासाठी हिरवा पाला आणण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले आहे.