तिकिटात जेवण किती?

क्रूझ सहलीचे तिकीट काढण्यापूर्वी सफाळ्याच्या व्यापारी बंधूंनी जेवणाचा हिशेब पाहावा, असे आम्ही सुचवतो. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या भाड्यात फूड कोर्ट व स्टारलाइटचे जेवण येते. चॉपस्टिक्सचे पैसे वेगळे. रॉयल कॅरिबियनमध्ये मुख्य भोजनगृह व बुफे भाड्यात, खास उपाहारगृहांचे पैसे वेगळे. व्हर्जिन व्हॉयेजेसमध्ये सर्व उपाहारगृहांतील जेवण भाड्यातच. म्हणून नुसत्या भाड्यावरून स्वस्त-महाग ठरवू नये. मांस हलाल आहे का, तेही लेखी विचारावे.

आपल्या धंद्यातही हेच. लग्नाच्या जेवणाचा दर सांगताना वाढपी, भांडी, पाणी त्यात धरले की नाही, हे केटरर बांधवांनी लिहून द्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही कुरआनची (2:282) शिकवण शंका टाळण्यासाठीच आहे.