पालक पिवळा का पडला?

गच्चीवर माशांची टाकी, शेजारी खडीच्या ट्रेमध्ये पालक आणि दोहोंतून पंपाने फिरणारे एकच पाणी. मासे धडधाकट आहेत, पालक मात्र पिवळा! खत टाकायला धावू नका. त्या पाण्यात मासे आहेत. आधी पिवळे पान कोणते, ते पाहा.

माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे खडीवरील जीवाणू नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्रोजन कमी पडला, की वनस्पती जुन्या पानांतला नायट्रोजन कोवळ्या पानांकडे धाडते. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे फारसे हलत नाही. तेव्हा कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोहाची उणीव असावी.

मग गंजके खिळे टाकावेत? युक्ती सुचते खरी, पण व्यर्थ आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की त्यातील मुक्त फेरिक आयन सुमारे हजारपटीने घटतात. दुष्फेन पाण्याचा सामू बहुधा ७ च्या वर असतो. तेथे लोह गंजरूपाने तळाशी बसते.

यावर उपाय चिलेटित लोहाचा. यात एक सेंद्रिय रेणू लोहाला खेकड्याच्या नांगीसारखा धरून विरघळलेले ठेवतो. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रेकॉसी दर तीन आठवड्यांनी लिटरमागे २ मिलिग्रॅम लोह देत. २०० लिटरला ४०० मिलिग्रॅम झाले. पूड मात्र पाकिटावरील लोहाची टक्केवारी पाहून मोजावी. ईडीटीएची पकड सामू ६.५ च्या पुढे सैल होते, डीटीपीएची साधारण ७.५ पर्यंत टिकते.